गहू सुटला, घोडं अडलं चक्कीवर

पोरीला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार निघाला, पण गहू बंद करणं आम्हाला जड गेलंच नाही. हे आधी सांगते, कारण ग्लूटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन नसलेलं, म्हटलं की लोकांना नागपूरच्या मॉलमधले महागडे पुडे दिसायला लागतात आणि पोटात गोळा येतो. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ज्वारीची भाकर, वरण-भात, झुणका, पातोडीचा रस्सा, गोळाभात, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे सगळं ताटात आधीपासून होतंच. यात गहू आहे कुठे? माझ्या डोक्याचा भुगा केला तो गावातल्या पिठाच्या चक्कीनं. अजूनही तिचा पट्टा फिरायचा आवाज आला की माझं टाळकं सरकतं.

आजाराचं थोडक्यात सांगते. पोरगी पाचवीत होती. उंची वाढेना, पोट फुगलेलं, हगवण लागून राहिलेली. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, पण हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. जंताचं औषध किती वेळा दिलं त्याचा हिशेब नाही. शेवटी नागपूरला एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. ती वाढलेली निघाली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले आणि सिलिअ‍ॅक ठरलं. गव्हातल्या, जवातल्या (जव म्हणजे बार्ली, जवस नव्हे) ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आतली बारीक लव झडून सपाट होते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, पथ्य जन्मभराचं. तुमच्या घरात कुणाचा असा संशय असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो. सख्ख्या भावंडांची आणि आईबापांचीही तपासणी करायला सांगतात, ती टाळू नका. आमच्या मुलाची नॉर्मल आली, तरी मधूनमधून परत करायची आहे.

तर पथ्य सुरू झालं. पोळी बंद, बिस्किट बंद, शेवया बंद. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या काळी गहू सणालेच होता, काय बिघडलं आमचं?" पोरीनंही कुरकुर केली नाही. हगवण कमी झाली, तोंडावर जरा तजेला आला. आणि सहा महिन्यांनी टीटीजी केली तर आकडा खाली यायचं नावच घेईना.

डॉक्टरांनी एकेक विचारत नेलं. बाहेरचं काही खाते का? नाही. चोरून बिस्किट? नाही. मग म्हणाले, "दळण कुठे करता?"

मी म्हटलं, "गावच्या चक्कीवर, अजून कुठे?"

दवाखान्यानं दिलेल्या छापील कागदावर पास्ता, ब्रेड, सोया सॉस, पिझ्झा यांची लांबलचक यादी होती. आमच्या गावात पिझ्झा कोण आणून देणार होतं? चक्कीबद्दल मात्र त्यात एक ओळ नव्हती. शहरातला माणूस पीठ पुड्यात घेतो, आपण पिसून आणतो, हे त्या कागदाला ठाऊकच नव्हतं.

चक्की कशी चालते ते प्रत्येक बाईला माहीत आहे. एकीचं दळण संपत आलं की दुसरीचं वरून ओततात, मशीन थांबत नाही. दगडांच्या मधे, कडेच्या खोबणीत, पीठ पडतं त्या कापडी बाहीत आधीचं पीठ अडकलेलं असतं, ते पुढचीच्या डब्यात जातं. आणि गावात दहातली आठ दळणं गव्हाची. म्हणजे माझ्या ज्वारीच्या पिठात रोज कुणाचा ना कुणाचा गहू येत होता.

मी चक्कीवाल्या काकाजींकडे गेले. म्हटलं, "काकाजी, आमची ज्वारी पिसायच्या आधी चक्की साफ करून देसान काय? जास्तीचे पैसे देतो."

"साफच तं आहे. कालच झाडली."

"तसं नाही, पोरीले गव्हाचं अजिबात चालत नाही. चिमूटभरही नाही."

"एवढुशा पिठानं काय होते व माय? माणूस मरते काय?"

चारचौघी रांगेत उभ्या होत्या, सगळ्या हसल्या. त्या "एवढुशा"चा हिशेब मी तेव्हा मांडू शकले नाही, आता मांडते. आपल्याकडे पुड्यावर ग्लूटेन-फ्री लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गव्हाच्या पिठात ढोबळमानानं आठ-दहा टक्के ग्लूटेन असतं. दहा ग्रॅम, म्हणजे लहान मूठभरसुद्धा नाही, एवढं गव्हाचं पीठ किलोभर ज्वारीच्या पिठात मिसळलं तर झालं आठशे मिलिग्रॅम. चाळीस पट! आणि चक्कीच्या पोटात दहा ग्रॅम नाही, ओंजळी ओंजळी पीठ अडकलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? त्याच शेडमध्ये मिरची-हळद पिसायचं मशीन वेगळं ठेवलेलं आहे. त्यावर चुकूनसुद्धा कुणाचे गहू टाकत नाहीत. का, तर पोळी तिखट लागेल, गिऱ्हाईक बोंब मारेल. म्हणजे आधीचं पुढच्यात उतरतं हे काकाजींना पक्कं माहीत आहे. तिखट जिभेला कळतं, गहू माझ्या पोरीच्या आतड्याला कळतो, एवढाच फरक. हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुमचं डोस्कं लय चालते बाप्पा," आणि पुढच्या बाईचा डबा उचलला.

मग एकेक उपाय सुरू झाले. सकाळी सकाळी पहिलं दळण आपलं लावायचं, असं बहिणीनं सुचवलं. पण आदल्या रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचं असेल तर सकाळच्या पहिल्या पिठात तेच येणार. उलट पहिल्यात जास्तच. मग आधी आपलेच तांदूळ पिसायचे, ते पीठ ढोराला घालायचं आणि त्यावर ज्वारी टाकायची, हे करून पाहिलं. तांदूळ वाया जात होते, काकाजींचं तोंड वाकडं होत होतं, आणि एवढं करूनही पीठ शुद्ध आहे याची खात्री कोण देणार? शेजारच्या गावातल्या चक्कीवाल्यानं "हो हो, साफ करतो" म्हणून माझ्यासमोर फडकं मारलं. फडकं गव्हाच्या पिठानं पांढरं होतं.

मिक्सरमध्ये ज्वारी रवाळ होते. त्याच्या कण्या छान होतात, ताक घालून खायला मजा येते, पण भाकर थापता येत नाही. शेवटी गोठ्यातलं आत्याबाईंचं जातं बाहेर काढलं. त्यावर वर्षानुवर्षं गहूही दळलेला, म्हणून घासून धुतलं, वाळवलं, टाकी लावून घ्यायची, म्हणजे दगड टोचून खरबरीत करून घ्यायचे, असं ठरवलं. टाकी लावणारे आता फिरत नाहीत. पुलगावच्या बाजारात विचारत विचारत एक म्हातारबा सापडले, त्यांनी दोन्ही पाळ्या नव्यानं टाचून दिल्या. जात्यानं आमचा उन्हाळा काढला. पण कापूस वेचायच्या दिवसांत वावरातून येऊन जात्यावर बसायचं म्हणजे कंबरडं मोडतं. जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक ज्यांना रोज दळावं लागत नाही त्यांना जास्त.

बायकांना पिठाच्या गिरणीसाठी अनुदान मिळतं असं कळलं म्हणून अर्जही भरला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, आधार, बँकेचं पासबुक, सगळं जोडलं. खिडकीवरच्या साहेबांनी "यादी लागली की कळवू" सांगितलं. ती यादी लागायची आहे. तिच्या भरवशावर पोरीला ठेवलं असतं तर काय झालं असतं, सांगायला नको.

मी बचत गटातून कर्ज काढलं आणि घरघंटी घेतली. वीस हजारांच्या आसपास गेले. घरच्या सिंगल फेजवर चालते, आत दगड नसतात, जाळी बदलून बारीक-जाड करता येतं. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही, म्हणून लाइन असली की आधी दळण, मग बाकी कामं. वापरलेली स्वस्तात मिळत होती, ती घेतली नाही. तिच्या पोटात कुणाचा गहू असेल कोण जाणे. तुम्हीही नवीच घ्या. आणि पहिल्या दिवसापासून ठरवून टाका की यात गहू पडणार नाही, पाहुण्याचासुद्धा नाही. आमच्या घरातला गहू आजही काकाजींच्याच चक्कीवर जातो.

यावरून गावात माझं नाव झालं ते वेगळंच. घरघंटी आल्याचं कळल्यावर शेजारची वहिनी पायलीभर गहू घेऊन दारात उभी. "लाइन गेली, चक्की बंद आहे, एवढे पिसून दे ना." मी नाही म्हटलं. तिनं पाणवठ्यावर सांगितलं की हिला मशीनचा माज आला. येऊ दे. पुढच्या तपासणीत टीटीजी निम्म्याच्या खाली आली, त्या दिवशी मी तो रिपोर्ट पिशवीत न ठेवता हातात धरूनच एसटीतून आले.

दळणाचं अजून एक. बाजारातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे असतात, पोती तीच, मापं तीच. आमच्याकडे रानडुकरांपायी ज्वारी पेरणारेच कमी झालेत, त्यामुळे विकतची घ्यावी लागते. परातीत पसरून दाणा दाणा निवडा, धुवा, कडक उन्हात वाळवा. आणि एकदम महिन्याभराचं पिसू नका. जुन्या पिठाची विरी जाते, भाकर थापताना चिरते. ज्वारीत ग्लूटेन नाही म्हणून तर ती चिकटून येत नाही. आधणाच्या पाण्यात पीठ भिजवून तळहातानं चांगलं मळलं तर लाटूनसुद्धा होते. पुरणपोळीही मी अशीच करते, ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं घालून उकड काढायची, प्लास्टिकच्या कागदावर लाटायची. गव्हाच्या पोळीसारखी पातळ येत नाही, पण तुपासोबत कुणी तक्रार करत नाही.

चाळणी वेगळी पाहिजे. हे आधीच लिहायला हवं होतं. चाळणीच्या जाळीतलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. पोळपाट-लाटणंही वेगळं. लोखंडी तवा घासून चालतो, पण आधी तिची भाकर, मग बाकीच्यांच्या पोळ्या. आणि ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्या तेलात तिच्या खारोड्या तळायच्या नाहीत.

लपलेला गहू ओळखायला मला वेळ लागला. हिंगाच्या डबीवर वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला मिळतो, तो घ्या. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेकदा गहू, कुरड्या गव्हाच्या, सांबारवडीच्या (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) पारीत मैदा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतं, पोरांची ताकद वाढावी म्हणून लोक प्रेमानं आणून देतात. मल्टिग्रेन आट्यात ज्वारी-बाजरीचं चित्र मोठं आणि आत निम्म्याहून जास्त गहू. 2023 हे भरडधान्य वर्ष होतं तेव्हापासून असे पुडे फार दिसतात.

खास ग्लूटेन-फ्री बिस्किटं मी दोनदा आणली असतील. स्टार्च आणि साखर, वर दुप्पट-तिप्पट भाव. त्यापेक्षा शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, घरी फोडलेल्या ज्वारीच्या लाह्या बरे. डब्यात ज्वारीचं धिरडं देते: पीठ, थोडं बेसन, लसूण, हिरवी मिरची, भरपूर सांबार, आणि ताकात भिजवायचं. आंबील तर महालक्ष्म्यांची वाट न पाहता करते. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी आल्या-लसणाच्या फोडणीत शिजवायचं. उन्हाळ्यात शाळेतून आली की वाटीभर पिते. शाळेत खिचडी मिळायची तेव्हा ती चालायची, फक्त फोडणीतला हिंग कोणता ते मी एकदा जाऊन पाहून आले.

पंगतीचा प्रश्न राहतोच. गव्हाच्या रोडग्यांच्या महाप्रसादात वांग्याची भाजी आणि भात तिला चालतो, पण वाढणारा त्याच हातानं रोडगे कुस्करून भाजीच्या बादलीत हात घालतो. म्हणून आम्ही पहिल्या पंगतीच्या आधीच तिची वाटी भरून घेतो. आता ती स्वतःच सांगते, "काकू, मले गव्हाचं चालत नाही," आणि समोरच्यानं आग्रह केला तर ताट उचलून चालती होते.

यंदा ती दहावीत आहे. पुढच्या वर्षी कॉलेजला वर्ध्याला ठेवायचं म्हणतोय, म्हणून मेसवाल्या ताईंना भेटून आलो. वरण-भाताची, भाजीची सोय होईल म्हणाल्या. भाकरीचं पीठ मी दर आठवड्याला एसटीनं पाठवणार. परात आणि तवा वेगळा ठेवा म्हटलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. तवा-परात आम्हीच घेऊन येऊ, त्यावर तिचं नाव कोरून, असं मी सांगून ठेवलंय.