आण्णांच्या हिरड्या आणि बीपीची गोळी

आण्णा कडक भाकरी दुधात कुस्करून खायला लागले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. अख्खा जन्म सोलापुरात काढलेला माणूस, शेंगाचटणीशिवाय घास उतरत नाही, आणि भाकरी भिजवतोय! विचारलं तर म्हणे, "दात आखूड झालेत रे."

मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं. दात होते तेवढेच होते, हिरड्याच त्यांच्यावर चढल्या होत्या. पुढच्या दातांच्या फटींत मक्याच्या दाण्यांएवढे गुलाबी गोळे, आणि कडेला चटणीचा लाल कूट अडकलेला.

नवी पेठेतल्या डेंटिस्ट बाईंचा पहिलाच प्रश्न, "बीपीची गोळी कुठली?" अॅम्लोडिपिन, वर्षभर. बीपीचीच निफेडिपिन, फिटसाठीची फेनिटॉइन, किडनी बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन, यांनीही काहींच्या हिरड्या अशाच वाढतात. फेनिटॉइनचं तर १९३९ पासून माहीत आहे. हिरडीत कोलॅजन, म्हणजे तिला घट्टपणा देणारं प्रथिन, बनत राहतं, जुनं मोडायचं काम मात्र मंदावतं, मग ते साठतं. दातांवर कीटण असलं की आणखी जोर. (आण्णांची मिश्री! ती मीच सांगून टाकली. दोन दिवस बोलले नाहीत.)

गोळी मनानं बंद करायची नाही, हे बाईंनी तीनदा बजावलं. बीपीच्या डॉक्टरांनी ती बदलून दिली, बाईंनी दात साफ केले. चार महिन्यांत बरंच उतरलं, एका जागी तेवढं कापावं लागलं.

भाकरी अजून दुधातच. आता म्हणतात, सवय लागली.