गणपतीला गावी गेल्यावर मेलला उत्तर कोण देणार?

चतुर्थी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत 'आऊट ऑफ ऑफिस', म्हणजे रजेत आलेल्या मेलला आपोआप जाणारं उत्तर, लावायची घाई सुरू होते. त्याआधी एक गोष्ट बघून घ्या: उत्तर सर्व्हर (मेल सेवेचा कायम चालू असणारा कॉम्प्युटर) पाठवणार की तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर? देवगड-राजापूरकडच्या वाड्यांत पावसात लाईट गेली की मागोमाग रेंजही जाते. तिथे हा फरक लगेच कळतो.

जीमेलचं उत्तर सर्व्हरवरून जातं, फोन बंद असला तरी. कॉम्प्युटरवर गिअरचं चिन्ह, 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल' टॅब, आणि अगदी तळाशी 'व्हेकेशन रिस्पॉन्डर'. तारखा आणि मजकूर भरून 'सेव्ह चेंजेस' दाबा. नेमकं हेच बटण राहून जातं. उत्तरं पहिल्या तारखेला मध्यरात्रीपासून सुरू होतात, म्हणजे रात्रीच्या गाडीने निघणाऱ्याने दुसऱ्या दिवसाची तारीख टाकावी. शेवटची तारीख ऐच्छिक आहे, पण ती सोडू नका. नाहीतर 'सोमवारी परत येतो' हा निरोप दिवाळीतही जात राहील.

तिथेच 'फक्त कॉन्टॅक्ट्समधल्यांना उत्तर' अशी एक चौकट आहे. नोकरदाराने टिक केली तर ठीक. होमस्टेवाल्याने ती रिकामीच ठेवावी, कारण नवं गिऱ्हाईक यादीत नसतंच.

चाचणी दुसऱ्या खात्यावरून मेल पाठवून करा. एकदा उत्तर आलं आणि दुसऱ्या मेलला आलं नाही तर बिघाड समजू नका. एकाच माणसाला जीमेल चार दिवसांतून एकदाच उत्तर देतं. मजकूर बदललात तर मात्र ही मोजणी नव्याने सुरू होते, म्हणून चालू असताना उगाच शुद्धलेखन सुधारत बसू नये. स्पॅम आणि मेलिंग लिस्टच्या मेलना उत्तर जात नाही.

आऊटलुकमध्ये 'फाईल' मेनूत 'ऑटोमॅटिक रिप्लाइज' दिसत असेल तर तेही काम सर्व्हर करतो, आणि ऑफिसातल्यांना वेगळा, बाहेरच्यांना वेगळा मजकूर देता येतो. साध्या पॉप किंवा आयमॅप (मेल आऊटलुकमध्ये आणायच्या दोन पद्धती) खात्यावर लोक 'रूल' (मेल आली की काय करायचं याचा नियम) आणि टेम्प्लेट (आधीच लिहून ठेवलेला मजकूर) वापरून उत्तर लावतात. तो रूल कॉम्प्युटर आणि आऊटलुक दोन्ही चालू असेपर्यंतच चालतो. ऑफिसचा पीसी बंद करून गाडी पकडलीत की उत्तरंही बंद.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा 'अवे मेसेज', म्हणजे तुम्ही नसताना जाणारा आपोआप निरोप, त्याच जातीचा. फोनला इंटरनेट असेल तरच तो जातो. मालवण-तारकर्लीकडच्या होमस्टेवाल्यांनी पावसाळ्यात फक्त त्याच्या भरवशावर राहू नये.

मजकूर चार ओळींच्या वर नको: कधीपासून कधीपर्यंत, तातडीचं काम कोणाकडे, परतल्यावर साधारण कधी उत्तर मिळेल. 'सगळे गावी गेलोय' हे मात्र लिहू नका. मुंबईतला फ्लॅट दहा दिवस बंद आहे, ही बातमी कुठल्याही अनोळखी माणसाला पुरवायची गरज नाही. 'रजेवर आहे' एवढं पुरे. सहकाऱ्याचा नंबर द्यायचा तर त्याला विचारून. सणाला त्याच्याही घरी गणपती असतो.

आंबेवाल्यांची अडचण वेगळी. ते कुठेही जात नाहीत, पण हापूस संपल्यावरही चौकशी येतच राहते. त्यांच्यासाठी व्हेकेशन रिस्पॉन्डर नव्हे, फिल्टर बरा, म्हणजे ठरावीक शब्द असलेल्या मेललाच उत्तर. जीमेलच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'टेम्प्लेट्स' सुरू करा, 'या हंगामाची विक्री संपली, पुढची नोंदणी अमुक महिन्यापासून' असा मजकूर टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, मग 'आंबा', 'हापूस' या शब्दांचा फिल्टर करून 'सेंड टेम्प्लेट' निवडा. शब्द देवनागरीत आणि रोमनमध्येही घाला, मध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत 'OR' (किंवा). गिऱ्हाईक दोन्ही लिपींत लिहितं. हे सगळं कॉम्प्युटरवरच करावं लागतं, आणि नवा हंगाम सुरू होताना फिल्टर आठवणीने काढावा लागतो, कारण त्याला शेवटची तारीख टाकायची सोय नाही.