या कुशीवरून त्या कुशीवर

कूस बदलणं हे एक काम आहे असं सांगितलं की लोक हसतात. त्यात काय करायचंय, माणूस झोपेतच वळतो की, त्याला कळतही नाही. बरोबर आहे, ज्याला कळत नाही त्याच्यासाठी ते काम नाहीच. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा जुनाट आजार, तो असलेल्या माणसाला विचारा. डाव्या कुशीवर झोपलं की थोड्या वेळाने डावा खांदा आणि खुब्याचं हाड जिथे गादीला टेकतं ती जागा ठणकायला लागते, आधी नुसतं जाणवतं, मग दुखणं नीट जागं होतं आणि त्याच्या पाठोपाठ आपण. आता वळायचं. तर आधी गुडघ्यांमधली उशी काढायची, मग अंगाखाली अडकलेली चादर हळूहळू सैल करायची कारण ओढायला गेलं तर मनगट बोंबलतं, मग एक पाय पुढे, त्यामागून कंबर, आणि खांदा सगळ्यात शेवटी. सगळं अंग एकदम फिरवलं तर पाठीत जी कळ येते ती उरलीसुरली झोपही घेऊन जाते. वळून झालं की उशी परत गुडघ्यांत, दुसरी पोटाशी, हाताला आधार म्हणून. एवढं होईपर्यंत डोळे टक्क उघडे. आणि मग थोड्या वेळाने उजव्या खांद्याची पाळी.

सकाळी घरात पहिला प्रश्न येतो, झोप लागली का गं? आता याला काय उत्तर द्यायचं. लागली होती की. घड्याळाच्या हिशोबाने तर बरीच लागली होती. पण उठताना अंग असं आंबलेलं असतं की रात्री नक्की कोण झोपलं होतं हा प्रश्न पडावा, बोटं वळत नाहीत, डोकं जड, आणि शब्द आठवत नाहीत, समोरच्या वस्तूला "ते हे" म्हणावं लागतं, ज्याला सगळे फायब्रो फॉग म्हणतात. म्हणून मग मी नुसतं "हूं" म्हणते आणि तेवढ्यावर भागवते.

दुखतं म्हणून झोप येत नाही हे कुणालाही पटतं. उलट्या बाजूचं मात्र सांगावं लागतं, की झोप नीट होत नाही म्हणूनही जास्त दुखतं. टोरोंटोमधल्या डॉ. हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली याच्यावर एक अभ्यास छापला, तेव्हा या दुखण्याला फायब्रोसायटिस म्हणायचे. त्यांनी पेशंटच्या डोक्याला तारा लावून झोपेतल्या मेंदूच्या लहरी बघितल्या तर गाढ झोपेच्या संथ डेल्टा लहरींमध्ये अल्फा लहरी मिसळलेल्या दिसल्या, ज्या एरवी माणूस डोळे मिटून निवांत पण जागा पडलेला असताना दिसतात. म्हणजे घरातले सगळे झोपलेत आणि हॉलमधला टीव्ही मात्र चालूच आहे. पुढे त्यांनी आणखी एक केलं, ते मला फार आवडतं. चांगली धडधाकट माणसं घेतली आणि ती गाढ झोपेत शिरायला लागली की आवाज करून त्यांची झोप उथळ करायची, पूर्ण जागं करायचं नाही, असं काही रात्री ओळीने केलं. तर त्या माणसांचेही स्नायू दाबल्यावर दुखायला लागले आणि थकवा आला! नंतर त्यांना निवांत झोपू दिल्यावर ते कमी झालं. नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की या अल्फा लहरी फायब्रोच्या सगळ्याच पेशंटमध्ये सापडत नाहीत आणि हा आजार नसलेल्या काही लोकांतही सापडतात, त्यामुळे त्यावरून निदान करता येत नाही. तरी पण "अगं, सगळ्यांनाच कधी ना कधी झोप येत नाही" असं कुणी म्हणालं की मला ती धडधाकट माणसं आठवतात आणि जरा बरं वाटतं (त्यांना बिचाऱ्यांना नसेल वाटलं).

निदानाच्या निकषांत झोप यायलाही बराच वेळ लागला. १९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरच्या १८ ठरलेल्या जागा दाबून बघायच्या, त्यातल्या ११ दुखल्या आणि सगळ्या अंगात तीन महिने दुखणं असलं की झालं, झोपेचं नाव नाही. २०१० साली ते बदललं आणि थकवा आणि विसरभोळेपणासोबत "उठल्यावर ताजंतवानं न वाटणं" यालाही ० ते ३ असे मार्क द्यायला लागले. किती तास झोपलात हे तिथे कुणी विचारतच नाही, आणि ते बरोबरच आहे. याच कारणासाठी मी ते मनगटावर बांधायचं घड्याळ लेकीला देऊन टाकलं. ते हालचाल आणि नाडी बघून अंदाजाने सांगतं की तुमची गाढ झोप इतकी झाली, आणि आधीच वैतागलेल्या माणसाला सकाळी सकाळी शंभरातले मार्क कशाला हवेत.

आता झोपेचे नियम. निद्रानाशावर औषधाशिवायचा जो उपचार आहे, सीबीटी-आय म्हणतात त्याला, तो चांगला आहे, अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१६ मध्ये तोच आधी करून बघा असं सांगितलंय. त्यातला एक जुना नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा, की पंधरा-वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत जा, झोप आली की परत या. म्हणजे अंथरुण आणि तळमळ यांची मनात जोडी जमत नाही. नियम शहाणा आहे. पण तो लिहिताना उठणं फुकट आहे असं गृहीत धरलंय. आमच्याकडे उठण्याची किंमत वेगळी आहे, खूप वेळाने अंग एका ठिकाणी ऊबेला लागलेलं असतं, पाय जमिनीवर टेकले की टाचा ओरडतात, आणि दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत जी थोडी पेंग होती तीही जाते.

मग मी तो नियम जरा वाकवला. दुसरी खोली रद्द, खोलीतल्याच कोपऱ्यात हाताची खुर्ची, पाय वर घ्यायला एक स्टूल, खुर्चीवर झोपायच्या आधीच घडी करून ठेवलेली शाल आणि गरम पाण्याची पिशवी, पिशवीवर टॉवेल गुंडाळलेला. अंधारात शोधाशोध नको म्हणून सगळं हाताच्या अंतरावर. दिवा पिवळा आणि मंद. वाचायला काय, हा मोठा प्रश्न होता. रहस्यकथा चालत नाही, चांगली कादंबरी तर अजिबात नाही. माझ्याकडे वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक आहे, ते सध्या चालू आहे. फोन नाही घेत, प्रकाशाचं तर आहेच पण मुळात फोन धरून अंगठे दुखतात, तेव्हा यात माझा संयम वगैरे काही नाही.

याच उपचारात दुसरा एक भाग असतो, अंथरुणातले तास मुद्दाम कमी करायचे, म्हणजे झोप घट्ट होते. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेला. याच्याबद्दल मी जरा कडक आहे, ज्याची झोप मोडली की दुखणं वाढतं त्याने हे नुसतं वाचून आपल्या मनाने करू नये, यातलं कळणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली करावं, आणि तेही झोपेची वेळ पाच तासांच्या खाली जाऊ न देता.

काही काही युक्त्या कुठल्याच उपचारात लिहिलेल्या नसतात. मी झोपताना टी-शर्ट उलटा घालते. शिवण आणि मानेजवळचं लेबल बाहेरच्या बाजूला. ज्याच्या कातडीला हलका स्पर्शही कधी कधी टोचतो त्यालाच हे कळेल, इतरांना वाटतं घाईत घातला. कमरेचं इलॅस्टिक सैल, पांघरूण हलकं. काही जणांना म्हणे जड पांघरुणाने छान झोप येते, मला त्याच्या नुसत्या विचाराने पोटऱ्या दुखतात. झोपायच्या तास-दोन तास आधी गरम पाण्याने आंघोळ, त्याने स्नायू सैल पडतात आणि नंतर शरीर आतून थंड व्हायला लागलं की झोप यायला मदत होते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाचेक तासांनंतरही अंगात असतं. आणि व्यायाम. याचं नाव काढलं की मला राग येतो, पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये फायब्रोच्या सगळ्या उपचारांची छाननी केली तेव्हा ठामपणे शिफारस केली ती फक्त व्यायामाची. रागात का होईना, हळूहळू चालून येते.

गोळ्यांबद्दल फार बोलत नाही, ते डॉक्टरांचं काम. फक्त एवढंच, की रात्रीची अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून दिली की लोक दचकतात, अरे ही तर डिप्रेशनची गोळी. यात ती साधारण १० ते २५ मिलीग्रॅम एवढ्या छोट्या डोसात देतात, डिप्रेशनसाठी त्याच्या कितीतरी पट लागते. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, म्हणून ती बरेचदा झोपायच्या जरा आधीच घ्यायला सांगतात. आणि एक गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायची, रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात का, किंवा बाजूचा माणूस म्हणतो का की तू घोरतेस आणि मध्येच श्वास थांबतो. फायब्रोचं लेबल लागलं की पेशंट आणि डॉक्टर दोघंही सगळं त्याच खात्यात टाकतात, आणि रेस्टलेस लेग्ज किंवा स्लीप अ‍ॅप्नियासारखी ज्याच्यावर वेगळे उपाय आहेत अशी गोष्ट तशीच राहून जाते. मला एका ठिकाणी "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून घरी पाठवलं होतं. टेन्शन घेऊ नका या वाक्याने आजपर्यंत कुणाला झोप लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण खरं सांगू का, वाईट रात्रीपेक्षा मला चांगल्या रात्रीला जास्त जपावं लागतं. वाईट रात्रीनंतरचा दिवस कसा काढायचा ते आता अंगवळणी पडलंय, एक काम, मग पडून राहणं, मग पुढचं काम, दुपारी डोळा लागलाच तर अलार्म लावून अर्ध्या तासात उठायचं. चांगली झोप लागते त्या सकाळी मात्र डोकं मोकळं, हात हलके, सगळे शब्द आपापल्या जागी, आणि महिनाभर तुंबलेली कामं डोळ्यांसमोर नाचायला लागतात, माळा, कपाट, पडदे. ही सगळी आजच आवरू असं वाटतं, कारण उद्याचा काय भरवसा. आणि आवरली की पुढच्या दोन-तीन रात्री परत या कुशीवरून त्या कुशीवर. हे आता घरात सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे मी सकाळी गुणगुणत उठले की नवरा आधी स्टूल उचलून बाल्कनीत ठेवतो. लेक म्हणते, आई आज तू फ्रेश दिसतेयस, आज तू काहीही करायचं नाहीस. मी भांडते, एक कप्पा तरी आवरू दे म्हणते. शेवटी तडजोड होते, एकच कप्पा, तोही बसून, आणि कुठला ते ती ठरवणार. गेल्या वेळी तिने मला हातरुमालांचा दिला.