जुन्या गाडीला नव्या मॉडेलचे टेल लाइट, हार्नेसला कात्री न लावता

टेल लाइट काढायला दहा मिनिटं लागतात आणि बसवायलाही तेवढीच. बाकीचा सगळा वेळ वायरिंगमध्ये आणि पाणी अडवण्यात जातो. घरी केलेली कामं बिघडतात तीही याच दोन ठिकाणी. म्हणून पहिलीच अट अशी की गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) कात्री लावायची नाही. जे काही जोडायचं ते मधे एक अडॅप्टर वायर करून जोडायचं. उद्या नवा लाइट फुटला किंवा गाडी विकायची झाली, तर जुना लाइट जुन्या कपलरला (वायरींच्या प्लगला) लावून गाडी लगेच पूर्ववत झाली पाहिजे.

दिसणं सोडलं तरी एलईडी लाइटचा एक खरा फायदा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड द्यायला सुमारे ०.२ सेकंद घेते, एलईडी तत्क्षणी लागते. ताशी ६० च्या वेगात मागची गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे येते. इंदूरजवळ खंडवा रोडला सिमरोळच्या घाटात मागे भरलेला ट्रक असताना हे तीन मीटर फार मोलाचे असतात.

आता लाइट बसणार की नाही, हे आधी ठरवावं. दोन्ही मॉडेलांची बॉडी एकाच पिढीची असली तरच पुढे जा. होंडा सिटी घ्या. २०१४ साली आलेल्या पिढीला २०१७ च्या फेसलिफ्टमध्ये झेडएक्स प्रकारात एलईडी टेल लाइट मिळाले, गाडीचा सांगाडा मात्र तोच राहिला. असा बदल घरी करण्याजोगा असतो. याउलट एलिट आय-२० मध्ये २०१८ ला नंबर प्लेट बंपरवरून डिकीच्या दारावर गेली, म्हणजे दाराचा पत्राच बदलला. तिथे नुसते लाइट आणून भागत नाही. दार, बंपर आणि रंगकाम मिळून खर्च इतका वाढतो की तो नाद सोडलेला बरा.

खात्री करायचा चांगला मार्ग म्हणजे पार्ट नंबर. स्पेअर पार्टच्या दुकानात दोन्ही वर्षांच्या मागच्या फेंडरचा (क्वार्टर पॅनेलचा) पार्ट नंबर काढून घ्यायचा. नंबर एकच असेल तर फेंडरवरचा लाइट बसतो. लाइट दोन तुकड्यांत असेल, एक फेंडरवर आणि एक डिकीच्या दारावर, तर दाराचाही नंबर जुळायला हवा. नंबर मिळाला नाही तर जुना लाइट काढून बटर पेपरवर त्याची कड, स्टडची (लाइटमागच्या बोल्टची) जागा आणि बाजूच्या पिना उतरवून घ्या आणि तो कागद दुकानात नव्या लाइटवर ठेवून पाहा. स्टडमध्ये दोन मिलिमीटरचा फरक असला तरी लाइट घेऊ नका. भोक मोठं करून बसवलेला लाइट कधीच नीट सील होत नाही.

इंदुरात नव्या मालासाठी छोटी ग्वालटोली, आणि सोल्डर, स्लीव्ह, मल्टिमीटर वगैरे महाराणी रोडला. कबाडातला मूळ कंपनीचा लाइट हा नव्या स्वस्त नकलेपेक्षा जवळजवळ नेहमीच बरा, कारण नकलेत लेन्स आणि लाइटच्या मागच्या डब्याचा सांधा कमजोर असतो आणि पाणी तिथूनच शिरतं. कबाडातून घेताना डावा-उजवा एकाच गाडीचा घ्या, नाहीतर एका बाजूचा लाल रंग उन्हाने फिका पडलेला निघतो. स्टड हलवून पाहा. आत पाण्याचे वाळलेले डाग दिसले तर तो लाइट परत ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाइटबरोबर गाडीच्या बाजूचा कपलर पंधरा-वीस सेंटिमीटर वायरीसकट मागून घ्या. सगळं काम त्या तुकड्यावर सोपं होतं. यूपीएसची १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि मधे २ अँपिअरचा फ्यूज घेऊन गेलात तर तिथल्या तिथे एकेक फंक्शन लावून पाहता येतं.

लाइट उतरवताना आधी डिकीच्या आतलं ट्रिम (आवरण) प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा, स्क्रूड्रायव्हरने नको, क्लिपा तुटतात. जपानी आणि कोरियन गाड्यांत बहुतेक दहाची सॉकेट लागते. नट काढल्यावर लाइट सरळ मागे ओढायचा. बाहेरच्या कडेला गोल डोक्याच्या पिना रबरी खोबणीत बसलेल्या असतात, आडवं ओढलं की त्या मोडतात. थंडीच्या सकाळी प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा गाडी तासभर उन्हात उभी करा आणि मग हात घाला.

आता वायरी ओळखायच्या. रंगावर विसंबू नका. टोयोटात अर्थ (वीज बॉडीकडे परत नेणारी वायर) पांढरी-काळी असते, सुझुकी-ह्युंदाईत काळी, पण बाकीचे रंग वर्षागणिक बदलतात. हँडब्रेक ओढा, चाकाला वीट लावा, इंजिन बंद ठेवा. मल्टिमीटरची काळी टोकणी बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल टोकणी कपलरच्या एकेका पिनला लावायची. पार्किंग लाइट लावल्यावर जिथे १२ व्होल्ट येतात ती टेलची वायर. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा, मग इग्निशन चालू करून इंडिकेटर आणि रिव्हर्स. शेवटी सगळं बंद करून ओहमवर अर्थ शोधा, तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. प्रत्येक पिन मास्किंग टेपवर लिहून ठेवा आणि डावी-उजवी वेगवेगळी तपासा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स किंवा मागचा फॉग एकाच बाजूला असतो.

पार्किंगवर १२ ऐवजी तीन-चार व्होल्ट दिसले तर थांबा. तिथे गाडीचा कंट्रोल युनिट एकाच तारेला तुकड्या-तुकड्यांनी वीज देऊन मंद उजेड काढतो, युरोपियन गाड्यांत हे विशेष दिसतं. अशा गाडीवर साधी एलईडी लुकलुकते किंवा बंद असतानाही मिचमिचते, आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येते. त्यासाठी त्या गाडीसाठीच बनलेला डीकोडर (ती वीज एलईडीला चालेल अशी करणारा जोड) लागतो. अंदाजाने काही जोडू नका.

अडॅप्टरच्या एका टोकाला तुमच्या गाडीच्या कपलरचा जोडीदार आणि दुसऱ्या टोकाला नव्या लाइटचा कपलर. टेल, ब्रेक आणि इंडिकेटरला ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, पण अर्थ १.५ ची घ्या. बल्बवाल्या लाइटमध्ये एका बाजूला ब्रेक २१, टेल ५, इंडिकेटर २१ आणि रिव्हर्स २१ वॅट धरले तर ६८ वॅट होतात. १२ व्होल्टवर हा साडेपाच अँपिअरहून जास्त प्रवाह, आणि तो सगळा एकाच अर्थमधून परततो. सोल्डर करण्याआधी हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, वायरीत ओवून घ्या (हे विसरलं की सांधा पुन्हा उघडावा लागतो). सांधे एकाच जागी न आणता दोन-तीन सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा, म्हणजे जाडही होत नाही आणि स्लीव्ह फाटली तरी शेजारच्या सांध्याला लागत नाही. वायर न सोलता चिमटून बसवायची निळी क्लिप अजिबात वापरू नका. ती वायरीचे केस कापते आणि पुढे तिथे हिरवा गंज धरतो.

सर्वांत घातक चूक इथे होते. नव्या लाइटमध्ये टेल आणि ब्रेक बहुधा त्याच एलईडीतून चालतात. टेलच्या वायरीवर त्या मंद लागतात, ब्रेकच्या वायरीवर प्रखर. या दोन वायरी उलट जोडल्या तर रात्री लाइट सतत प्रखर राहतात आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला काहीच फरक दिसत नाही. दिवसा तपासताना पार्किंग बंद असतं, म्हणून हे लक्षातही येत नाही. तपासणी नेहमी पार्किंग चालू ठेवून करा. ब्रेक दाबताच उजेड स्पष्ट उसळला पाहिजे. साध्या पी २१/५ डब्ल्यू बल्बच्या (ब्रेक २१ आणि टेल ५ वॅट एकत्र) दोन पिना कमी-जास्त उंचीच्या असतात त्या याचसाठी. बल्ब बसत नसेल तर उलटा धरला आहे असं समजा, जोर लावू नका.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर लावल्यावर टेल लुकलुकतो, असं झालं तर दोष अर्थमध्ये आहे. परतीची वाट बंद झाली की वीज शेजारच्या बल्बमधून वाट काढते. सगळे लाइट चालू ठेवून लाइटची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर आकडा गेला तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग-गंज घासून चकचकीत धातू काढा आणि पुन्हा घट्ट करा.

नव्या लाइटमध्ये इंडिकेटरही एलईडी असेल तर तो भराभर मिचकावेल. २१ वॅटचा भार अचानक दोन-तीन वॅटवर आल्याने फ्लॅशरला (इंडिकेटर मिचकावणाऱ्या भागाला) बल्ब गेल्यासारखं वाटतं. सुटा फ्लॅशर रिले असेल तर एलईडीला चालणारा रिले बसवा, हा उत्तम इलाज. कंट्रोल युनिटमध्येच फ्लॅशर असेल तर इंडिकेटरच्या वायरीला समांतर ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावावा लागतो. तो हात भाजेल इतका तापतो. म्हणून तो उघड्या पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवा, ट्रिमच्या गत्त्याला किंवा वायरीच्या जुडग्याला टेपने चिकटवू नका. ब्रेकच्या वायरीवर तर असा रेझिस्टर लावूच नका, सिग्नलवर तीन मिनिटं पाय ब्रेकवर असतो. फ्यूज आहे तेवढ्याच अँपिअरचा ठेवा. इंडिकेटरचा वेग मिनिटाला ६० ते १२० च्या आत हवा, म्हणजे दहा सेकंदांत दहा ते वीस.

काच पारदर्शक असेल तर इंडिकेटरला पिवळा पीवाय २१ डब्ल्यू बल्बच लावा. त्याच्या पिना मुद्दाम वाकड्या कोनात असतात, त्याच्या होल्डरमध्ये साधा पांढरा बल्ब पिना कानसीने घासून कोंबणं म्हणजे रस्त्यावर पांढरा इंडिकेटर. काळ्या धुरकट काचांचे लाइट घेऊच नयेत, दुपारी ब्रेक दिसत नाही. शिवाय पुष्कळदा नव्या मॉडेलमध्ये लाल रिफ्लेक्टर लाइटमधून बंपरवर गेलेला असतो. जुना बंपर ठेवलात तर गाडीच्या मागे रिफ्लेक्टर उरतच नाही, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे मागे दोन लाल रिफ्लेक्टर लागतात. चांगल्या प्रतीचे दोन वेगळे बंपरवर बसवून टाका. लाइट बंद असलेली गाडी रात्री कडेला उभी असते तेव्हा तेच काय ते दिसतात.

आता पाणी. माळव्यात चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने काळ्या मातीची धूळ, दोन्ही लाइटच्या मागच्या फटीत जातात. फेंडरची ती जागा आधी ओल्या फडक्याने पुसा. स्टडच्या भोकांपाशी रंग उडाला असेल तर टचअप लावून वाळू द्या. जुना फोम बोटाने दाबल्यावर परत फुगत नसेल तर काढून टाका आणि बंद छिद्रांचा, सुमारे ५ मिलिमीटर जाड फोम लावा. त्याची दोन टोकं खालच्या बाजूला मिळवा, वर नको. सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातलं आम्ल तांबं आणि पत्रा दोन्ही खातं, न्यूट्रल प्रकारचं मिळतं. नट हाताने घट्ट झाला की पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं की प्लॅस्टिकला केसाएवढी चीर जाते आणि मग फोम कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

लाइटच्या मागे वाफ जाण्यासाठी छोटी झडप किंवा भोक असतं, ते बुजवू नका. सकाळी काचेच्या आत हलकं धुकं दिसलं आणि लाइट अर्धा तास लावल्यावर ते गेलं तर काळजी नाही. तळाला पाणी साचलं तर सील गेलं.

ट्रिम लावण्याआधी डिकीत वर्तमानपत्र अंथरा आणि पाइपने वरून, जोर न लावता, पाच मिनिटं पाणी सोडा. कागदावर ओल कुठे आली यावरून गळती नेमकी सापडते. अंधार पडला की गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि कोणाला तरी मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा: टेल, टेलवर ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक दाबून इंडिकेटर, रिव्हर्स, नंबर प्लेट. व्हिडिओत एलईडी फडफडताना दिसली तर घाबरू नका, डोळ्याला स्थिर दिसते ना एवढं पाहा. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यात हात फिरवा. लाइटमधून आत आलेलं पाणी शेवटी तिथेच उतरतं.