तुम्ही विचारलंत म्हणून: बफेलोजचा इतिहास नेमका कोणाचा?

जपानी बेसबॉलचा विषय निघाला की मला हमखास विचारले जाते, ओरिक्स बफेलोज हा ओरिक्स ब्लूवेव्ह आणि किंतेत्सु बफेलोज या दोन संघांच्या विलीनीकरणातून झालेला संघ असेल, तर त्याचा इतिहास नेमका कोणाचा मानायचा? माझे उत्तर असे की तो ओरिक्सचा आहे, आणि विलीनीकरण हा शब्द त्या व्यवहारासाठी जरा सौम्यच होता. २०२१ साली संघाने जपानमधल्या दोन लीगपैकी एक असलेली पॅसिफिक लीग जिंकली, तेव्हा सर्वांनी ती २५ वर्षांनंतरची म्हणून मोजली, म्हणजे १९९६ च्या ओरिक्स ब्लूवेव्हच्या जेतेपदापासून. किंतेत्सु बफेलोजने हीच लीग २००१ मध्ये जिंकली होती. ते वर्ष या हिशेबात कुठेच आले नाही.

आणि ते जेतेपद विसरण्यासारखे मुळीच नव्हते. ओसाका डोममध्ये शेवटच्या डावात किंतेत्सु तीन धावांनी मागे असताना, तिन्ही बेस भरलेले आणि एकही खेळाडू बाद नसताना, बदली फलंदाज म्हणून आलेल्या हिरोतोशी कितागावाने होमरन (या स्थितीत चार धावांचा फटका) मारून सामना आणि लीग एकाच फटक्यात जिंकून दिली. समोरचा संघ होता ओरिक्स!

तरीही किंतेत्सु या रेल्वे कंपनीला संघ पांढऱ्या हत्तीसारखा जड झाला होता. तोटा वर्षाला सुमारे ४०० कोटी येनचा सांगितला जाई. २००४ च्या सुरुवातीला संघाचे नाव दुसऱ्या कंपनीला विकण्याचा बेत विरोधामुळे बारगळला आणि जूनमध्ये विलीनीकरण जाहीर झाले. लाइव्हडोअर या इंटरनेट कंपनीने संघ विकत घेण्याची तयारी दाखवली, पण ती नाकारण्यात आली. आणखी संघ एकत्र करून एकच लीग ठेवण्याची भाषा मालक करू लागले, तेव्हा आत्सुया फुरुताच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने १८ आणि १९ सप्टेंबरला संप केला. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला तो पहिलाच संप. विलीनीकरण त्यामुळे टळले नाही; मात्र सेंदाई शहरात राकुतेन कंपनीचा नवा संघ उभा राहिला आणि संघांची संख्या बाराच राहिली. माझ्या मते त्या वर्षातली खरी कमाई हीच.

खेळाडूंच्या वाटणीत आधी ओरिक्सने दोन्ही संघांतून २५ जण राखून ठेवले आणि त्यानंतर राकुतेनची पाळी आली. किंतेत्सुचा अव्वल पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) हिसाशी इवाकुमा मात्र ओरिक्सकडे जायला ठाम नकार देऊन सेंदाईला गेला. दोन्ही घराण्यांना जोडणारा माणूस म्हणून पूर्वी दोन्ही संघ सांभाळलेल्या आकिरा ओगी यांना व्यवस्थापक नेमण्यात आले. निवड अचूक होती, पण २००५ चा एकच हंगाम त्यांच्या वाट्याला आला; त्याच डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

२०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकून देणारे व्यवस्थापक सातोशी नाकाजिमा हे खेळाडू म्हणून हानक्यु ब्रेव्हजमधले, म्हणजे ओरिक्सने १९८८ मध्ये विकत घेतलेल्या संघातले. किंतेत्सुकडून खेळलेला शेवटचा सक्रिय खेळाडू तोमोताका साकागुची २०२२ मध्ये निवृत्त झाला, तोही याकुल्त स्वॅलोजमधून. आणि त्याच वर्षी ओरिक्सने याकुल्तला हरवून जपान सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली.