नव्या हंगामाआधी: माझी होडी आणि माझी तयारी

शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी दरवर्षी तयारीला बसताना मी आधी मागच्या हंगामाचा गुणतक्ता काढते. नवं शीड घ्यायचं का, दोर बदलायचे का, हे प्रश्न त्यानंतरचे. क्लबच्या मालिकांमध्ये गुण मोजायची पद्धत सोपी असते. पहिल्या होडीला १, दुसरीला २, तिसरीला ३, आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. शर्यत अर्ध्यात सोडावी लागली, तर मालिकेत नोंदलेल्या होड्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त इतके गुण पडतात. म्हणजे २० होड्यांच्या मालिकेत एक शॅकल (दोर जोडायची धातूची कडी) निसटली की २१ गुण. शर्यतीच्या सूचनांमध्ये वेगळं काही म्हटलेलं नसेल तर सर्वांत वाईट निकाल वगळला जातो, पण तो एकच. दुसऱ्यांदा काही मोडलं की ते गुण मालिका संपेपर्यंत अंगावर राहतात. नव्या शिडाने एखाद्या शर्यतीत एकदोन क्रमांक वर येता येतं, त्याहून जास्त क्वचितच. हे आकडे शेजारी ठेवले की कामाचा क्रम आपोआप लागतो: आधी जे मोडू शकतं ते, मग जे वेग खातं ते, आणि वेग वाढवणाऱ्या गोष्टी सगळ्यात शेवटी.

माझी होडी आयएलसीए ६, पूर्वीची लेझर रेडियल. एकटीने चालवायची, एकच शीड, ४.२३ मीटर लांबी. आयएलसीए ४, ६ आणि ७ या तिन्हींचा हल, म्हणजे होडीचं धड, एकच असतो. शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग तेवढा बदलतो. माझं शीड ५.७६ चौरस मीटरचं. या वर्गाचे नियम कडक आहेत. हलचा आकार बदलायचा नाही, वजन कमी करायचं नाही, परवानगी नसलेली फिटिंग लावायची नाहीत. मला हे फार आवडतं. सगळ्यांच्या होड्या सारख्या म्हटल्यावर फरक उरतो तो कोणी आपली होडी किती नीट ठेवली आहे आणि पाण्यावर कोण किती चांगलं चालवतं, एवढाच.

पहिलं काम गळती शोधायचं. हलचं वजन साधारण ५९ किलो असतं. आत तीन लीटर पाणी शिरलं तर होडी पाच टक्क्यांनी जड झाली, आणि ते पाणी एका जागी थांबतही नाही. होडी नाकावर झुकली की पुढे, मागे बसलं की मागे असं धावतं आणि प्रत्येक लाटेवर वेग खातं. गळती शोधायची माझी रीत अशी आहे. मागचं बूच घट्ट लावायचं, कॉकपिटच्या (पाय ठेवायच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीतलं हवेचं बारीक भोक टेपने बंद करायचं, आणि तपासणीच्या झाकणातून अगदी हलक्या दाबाने हवा भरायची. तोंडाने फुंकलं तरी पुरतं. कॉम्प्रेसर मात्र कधीही लावू नये, डेक आणि हलचा जोड उकलतो. मग स्पंजने साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर, डॅगरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) खाचेभोवती, प्रत्येक स्क्रूभोवती फिरवायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. या वेळी ते रडरच्या (सुकाणूच्या) फिटिंगखाली आले. स्क्रू काढले, भोकं दोन दिवस वाळू दिली, सीलंट भरून पुन्हा बसवले. वाळवण्यात घाई केली तर सीलंट धरत नाही. हे सगळं झाल्यावर हवेच्या भोकावरचा टेप आठवणीने काढायचा. उन्हात आतली हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर तोच जोड ताणला जातो.

डोलकाठी ज्या भोकात उभी राहते त्याची परीक्षा वेगळी. त्या भोकात काठोकाठ पाणी भरायचं आणि खूण करून थांबायचं. पातळी खाली गेली म्हणजे तळ किंवा नळी फुटली आहे. या होडीत डोलकाठीला ताणाच्या तारा नसतात. शिडाचा सगळा जोर त्या एका नळीवर आणि तिच्याभोवतीच्या डेकवर येतो. जोराच्या वाऱ्यात ती जागा फाटली तर होडी त्या दिवसापुरती नव्हे, कधीकधी कायमचीच जाते. तळाशी वाळूचे चार कण राहिले तरी डोलकाठी फिरताना ते घासत राहतात. म्हणून डोलकाठी उभी करण्याआधी तिचं टोक आणि ते भोक दोन्ही ओल्या फडक्याने पुसायची सवय मी लावून घेतली आहे. क्लबमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांनाही मी पहिल्यांदा हेच दाखवते.

डोलकाठी ॲल्युमिनियमची, तिच्यावरच्या काही फिटिंग स्टीलच्या. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी दिसायला लागते. रिव्हेटभोवती ती दिसली की मी फिटिंग काढून खालची जागा बघतेच. नुसती भुकटी पुसून भागत नाही, कारण खरी झीज फिटिंगच्या पोटात असते. परत बसवताना दोन धातूंमध्ये रोधक पेस्टचा थर द्यायचा. वरच्या तुकड्याच्या तळाला जी प्लास्टिकची कॉलर असते, तिच्या रिव्हेटच्या भोकाशी मी भिंग घेऊन बसते. हे तुकडे बहुतेक तिथेच मोडतात, आणि मोडण्याआधी बारीक चीर जाते. वरचा तुकडा सपाट जमिनीवर गडगडत नेला की वाक आला आहे का तेही कळतं.

रडर आणि डॅगरबोर्डवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. पाण्याखालचे हे दोन पंखच होडीला वाऱ्याकडे चढू देतात. त्यांच्या मागच्या कडेला एक टवका उडालेला असला तरी हातात टिलर (सुकाणूचा दांडा) थरथरते. टवके इपॉक्सीने भरून, ओल्या पॉलिशपेपरने घासून कड सरळ केली. रडरचा मुख्य बोल्ट असा आवळायचा की पातं बाजूला हलणार नाही, पण दोर ओढला की खाली पूर्ण जाईल. पातं थोडंसं जरी मागे वर राहिलं तरी टिलर जड होते, आणि आपल्याला वाटतं शीड चुकीचं लावलंय. रडर निसटू नये म्हणून जी स्प्रिंगची पट्टी असते ती सैल पडली होती, ती बदलली. होडी उलटल्यावर रडर वाहून गेलं तर परत येणं कठीण, म्हणून वेगाच्या कुठल्याही कामाआधी हे करायचं.

दोरांबद्दल माझं मत ठाम आहे. जुना दोर डोळ्यांना चांगला दिसतो म्हणून ठेवू नये. हातातून सगळा फिरवावा. कुठे कडक, कुठे पातळ, कुठे आवरणाखालचा गाभा तुटलेला, हे बोटांना लगेच समजतं. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोर ताणला जात नाही, त्यामुळे व्हँग (शिडाखालची आडवी काठी खाली ओढणारा दोर) आणि कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) यांना तो उत्तम. पण तो गुळगुळीत असतो, साधी गाठ त्यात सरकते. गाठीचं शेपूट लांब ठेवायचं आणि पाण्यावर जाण्याआधी पूर्ण वजन टाकून ती ओढून बसवायची. जिथे क्लीटचे (दोर अडकवायच्या चापाचे) दात धरतात तिथे पॉलिएस्टरचं आवरण असलेला दोर हवा. प्रत्येक क्लीटमध्ये ओला दोर अडकवून जोरात हिसका देऊन बघायचा. कोरड्या दोरावर केलेली परीक्षा उपयोगाची नाही, शर्यतीत दोर ओलाच असतो. हायकिंगच्या (होडीच्या कडेबाहेर अंग टाकून बसण्याच्या) पट्ट्याची शिवण आणि त्याचा दोर याच वेळी बघून घ्यायचा. तो तुटला की आपण पाठीवर पाण्यात.

याच टप्प्यावर मी खुणा करते. व्हँग, आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारा) आणि कनिंगहॅम यांच्या दोरांवर पक्क्या शाईच्या रेघा, आणि वहीत त्या रेघांचा अर्थ: मंद वाऱ्यात कुठे, मध्यम वाऱ्यात कुठे, हायकिंग करून थकवणाऱ्या वाऱ्यात कुठे. शर्यतीत नजर होडीच्या बाहेर हवी, पाण्यावर उतरणाऱ्या गडद झुळुकांवर, पुढच्या बोयाकडे (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेकडे), शेजारच्या होड्यांवर. खूण असली की एका ओझरत्या कटाक्षात दोर योग्य जागी येतो आणि नजर परत वर जाते. एवढ्या सगळ्या तयारीतून मला हवं असतं ते हेच, की शर्यतीत होडीच्या आत बघायला काही उरू नये.

शीड मी या वर्षी बदललं नाही. कापडातली कडकपणा देणारी रेझिन घड्यांनी आणि फडफडीने मोडत जाते, म्हणून सरावाला जुनं आणि शर्यतीला नंतरचं अशी दोन शिडं ठेवते, दोन्ही गुंडाळून. बॅटनच्या (शिडातल्या कडक पट्ट्यांच्या) खिशांची टोकं शिवून घेतली, टेलटेल (शिडावर वारा दाखवणारे धागे) नव्या लावल्या. बस.

मग पाणी. पहिल्या दिवसांत मी फक्त सुरुवातीचा सराव करते, कारण क्लबच्या शर्यती लहान असतात आणि मागे पडलेल्या होडीला वर यायला जागाच मिळत नाही. माझ्यासोबत सराव करणारी मुलगी बोयाशी उभी राहते, घड्याळ तिच्या हातात. तिचा हुकूम ठरलेला: “ताई, एक मिनिट. जागा सोडायची नाही.” बोयाच्या बाजूला शीड सैल सोडून होडी जवळपास स्थिर ठेवायची, मागे वाहू द्यायची नाही, पुढे घसरू द्यायची नाही. मग शेवटच्या काही सेकंदांत नाक थोडं खाली घेऊन शीड ओढायचं आणि शून्याला पूर्ण वेगात असायचं. दिसायला सोपं, पण वारा पडला की पहिल्यांदा बिघडतं ते हेच. मग आम्ही अदलाबदल करतो, आणि तिची होडी बाहेरून बघताना मला माझ्याही होडीचं बरंच काही समजतं.

सुरुवातीच्या रेषेचा कल मोजायलाही याच वेळी हात बसवते. रेषेच्या मध्यावर होडी थेट वाऱ्यात उभी करायची. नाक ज्या टोकाकडे जास्त झुकेल ते टोक वाऱ्याला जवळ. रेषा १०० मीटरची आणि कल ५ अंशांचा असला, तर चांगल्या टोकाची होडी साधारण ८.७ मीटर पुढून निघते, म्हणजे आमच्या दोन होड्यांएवढं. १० अंशांना ते अंतर १७ मीटर होतं. एवढं अंतर फुकट मिळत असताना गर्दी आहे म्हणून दुसऱ्या टोकाला जाणं मला पटत नाही. पण त्या गर्दीत अडकणार असू, तर टोकापासून थोडं मध्याकडे, मोकळ्या वाऱ्यात निघावं.

शर्यतींच्या नियमांचं पुस्तक मी संध्याकाळी वाचते. १ जानेवारी २०२५ पासून २०२८ अखेरपर्यंतची आवृत्ती लागू आहे. दर चार वर्षांनी ते बदलतं, त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबू नये. त्यातले थोडेच नियम पुन्हापुन्हा कामाला येतात. पोर्ट टॅकवरच्या (वारा डावीकडून घेणाऱ्या) होडीने स्टारबोर्डवाल्या (वारा उजवीकडून घेणाऱ्या) होडीला वाट द्यायची. एकाच टॅकवर शेजारी असलेल्यांत वाऱ्याच्या बाजूची होडी दूर राहते. बोयाभोवतीचा झोन तीन होड्यांच्या लांबीचा. बोयाला स्पर्श झाला तर एक फेरी, दुसऱ्या होडीशी नियम मोडला तर दोन, तीही लगेच, बाकीच्यांपासून बाजूला होऊन आणि एकाच दिशेने. एका फेरीत एक टॅक (नाक वाऱ्यातून वळवणं) आणि एक जाइब (शेपूट वाऱ्यातून वळवणं) असावी लागते. ही दोन फेऱ्यांची शिक्षा मी पाण्यावर मुद्दाम सराव करून ठेवते. वाद घालत बसण्यापेक्षा चटकन फेऱ्या मारून निघालेली होडी कमी अंतर गमावते, आणि खेळही स्वच्छ राहतो. झेंड्यांचं वेळापत्रक पाठ असावं: पाच मिनिटांना इशारा, चारला तयारीचा झेंडा वर, एक मिनिट उरलं की तो खाली, आणि शून्याला सुरुवात. तयारीचा झेंडा कोणता लागला हे बघायलाच हवं. काळा झेंडा असताना शेवटच्या मिनिटात रेषा आणि पहिल्या बोयामधल्या त्रिकोणात सापडलं तर ती शर्यत गेली.

शरीराचं काम मी बोटीच्या कामाबरोबरच सुरू करते. होडीच्या कडेबाहेर अंग टाकून बसायचं म्हणजे मांड्या आणि पोट यांची खरी कसोटी. भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, पोटाचे व्यायाम, आणि आठवड्याआठवड्याने हळूहळू वाढवलेला पाण्यावरचा वेळ एवढं मला पुरतं. गुडघे आतल्या बाजूला वळू नयेत म्हणून मी पायाची बोटं समोर ठेवते. ज्या दिवशी मांड्या संपतात त्या दिवशी मी होडी आत आणते. थकलेल्या अंगाने चुकीची बैठक पक्की होत जाते.

पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी शर्यतीच्या सूचना दोनदा वाचल्या: कोर्स, फेऱ्या, वेळेची मर्यादा, किती निकाल वगळता येतात. जॅकेटच्या खिशात एक जादा शॅकल, दोन रिंगा, दोराचा तुकडा, टेप. बूच लावलं आहे हे हात लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी वारा मध्यम होता. किनाऱ्यावर आल्यावर मागचं बूच काढलं, आतून थेंबही आला नाही. वहीत लिहिलं: व्हँग दुसऱ्या रेघेवर बरोबर, आउटहॉल अर्धी रेघ सैल हवा, कनिंगहॅमचं क्लीट ओला दोर नीट धरत नाही, स्प्रिंग बदलायची.