कोर्ट एका टोकाला, स्टेशन दुसऱ्या टोकाला

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या बहुतेक जिल्ह्याच्या गावांत कोर्टाची इमारत भर चौकात असते आणि बाजार तिच्या भोवती. आयोवातल्या बूनमध्ये तसं नाही. कोर्ट गावाच्या पश्चिमेला, घरांच्या वस्तीत एकटं पडल्यासारखं उभं आहे. दुकानं, विटांच्या जुन्या इमारती, रेल्वे हे सगळं मैलभर पूर्वेला. आम्ही राहतो त्या एम्सहून बून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. वस्ती बारा-साडेबारा हजारांची. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी इथल्याच. 1896 साली त्या जन्मल्या ते घर जपून ठेवलंय. पण मला गावाची ही दुतोंडी रचनाच जास्त खुणावते, कारण ती रेल्वेची करणी आहे.

कोर्टापाशी आहे ते मूळ गाव बून्सबरो. रेल्वे येण्याआधीपासून जिल्ह्याचा कारभार तिथूनच चाले. 1860 च्या दशकात मिसुरी नदीच्या दिशेने आयोवाभर रूळ टाकले जात होते आणि त्यामागचा मोठा पैसेवाला होता न्यू जर्सीचा जॉन इन्स्ली ब्लेअर. त्याचं गणित सरळ होतं. स्टेशन जुन्या गावात कशाला बांधायचं? बाहेर मोकळ्या जमिनीत बांधा, भोवती प्लॉट पाडा आणि विका. रुळांपेक्षा कमाई जमिनीत. बून्सबरोच्या पूर्वेला 1865 मध्ये असंच एक कोरं गाव आखलं गेलं, मोंटाना नावाचं. गिऱ्हाईक स्टेशनवर उतरणार म्हटल्यावर व्यापारीही तिकडे सरकले. 1871 मध्ये मोंटानाचं बून झालं आणि 1887 मध्ये बून्सबरोच बूनमध्ये विलीन झालं. जिल्ह्याचं गाव वीस-बावीस वर्षांत शेजाऱ्याची पेठ होऊन बसलं. कोर्ट तेवढं जागचं हललं नाही.

बूनच्या पश्चिमेला डे मॉइन नदीची खोल दरी आहे. आयोवा म्हणजे सपाट मक्याची शेतं, ही समजूत इथे मोडते. पहिली लाइन वळसा घेत दरीत उतरायची, मॉइंगोना नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यापाशी नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायची. चढाला गाड्यांना मागून जोर द्यायला मॉइंगोनाला जादा इंजिनं तयार ठेवलेली असत. आपल्याकडे कसारा घाटात बँकर लागतो, तसंच.

6 जुलै 1881 च्या रात्री धो धो पाऊस झाला. रूळ शाबूत आहेत का ते पाहायला असंच एक इंजिन चार माणसांसह निघालं आणि हनी क्रीकच्या लाकडी पुलासकट खाली कोसळलं. पुलाजवळच शेली कुटुंबाचं घर. वडील रेल्वेत मुकादम होते, ते आधीच वारलेले. थोरली मुलगी केट, पंधरा-सतरा वर्षांची. आवाज ऐकून ती कंदील घेऊन धावली. दोघं झाडाफांद्यांना धरून तग धरून होते, दोघं गेले होते. पश्चिमेकडून मध्यरात्रीची एक्स्प्रेस यायची होती आणि ती अडवायची तर मॉइंगोना स्टेशन गाठायला हवं होतं. स्टेशन नदीपलीकडे.

नदीवरचा रेल्वेपूल लांबलचक, कठडा नाही. लोकांनी त्यावरून जाऊ नये म्हणून कंपनीने स्लीपरमध्ये खिळे ठोकून ठेवलेले. कंदील विझलेला. विजेच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढ्यावर ती हाता-गुडघ्यांनी रांगत, एकेक स्लीपर चाचपत पलीकडे गेली. पुढे अर्धा मैल पळत स्टेशन. एक्स्प्रेस आधीच्याच एका स्टेशनवर थांबवली गेली. गाडीत दोनेकशे माणसं होती. एवढं करून पोरगी घरी गेली नाही. मदतीला निघालेल्या लोकांना वाट दाखवत परत पुलापाशी आली आणि अडकलेले दोघं वाचले.

कंपनीने तिला काय दिलं? शंभर डॉलर, अर्धं पिंप पीठ, थोडा कोळसा आणि जन्मभराचा पास. दोनशे जीवांच्या बदल्यात पीठ! आयोवा राज्याने सुवर्णपदक आणि दोनशे डॉलर दिले, ते जरा तरी शोभण्यासारखं. पुढे 1903 मध्ये ती मॉइंगोनाचीच स्टेशन एजंट झाली आणि 1912 मध्ये वारली.

पण ती स्टेशन सांभाळायला बसली तोवर मेन लाइन तिथून हललेली होती. गाड्या जड झाल्या, दरीतला चढ-उतार परवडेना, म्हणून कंपनीने बूनच्या पश्चिमेला सरळ दरीवरूनच पूल टाकला. जॉर्ज मॉरिसनच्या आराखड्याचा हा पूल 1901 मध्ये सुरू झाला: 2,685 फूट लांब, 185 फूट उंच. लोक त्याला केट शेली पूल म्हणतात. माझ्या मते यात थोडा विनोद आहे. तिने ओलांडलेला पूल वेगळा, काही मैल दक्षिणेला. हा नवा पूल झाला आणि तिचं मॉइंगोना आडबाजूला पडलं. बून्सबरोचं जे झालं तेच. बून वाचलं ते नव्या मार्गावरही पडलं म्हणून.

आता ही लाइन युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीची. जुना पूल दमला होता, एकावेळी एकच गाडी आणि तीही हळू. म्हणून 2009 मध्ये शेजारी नवा बांधला. मालगाड्या दिवसरात्र धडधडत जातात, पुढे इंजिनं, मागे इंजिनं, मध्ये डबे मोजायचा कंटाळा येईल इतके. प्रवासी गाडी मात्र एकही नाही. ती हवी तर दक्षिणेला ओसिओलापर्यंत मोटार हाकत जायचं, आणि तिथेही दिवसाला एका दिशेने एकच. रेल्वेने वसवलेल्या गावातून रेल्वेने कुठे जाता येत नाही, हे पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला पटवणं अवघड जातं. आमच्याकडे आलेले पाहुणे दर वेळी हाच प्रश्न विचारतात.

त्यावर गावाने काढलेला तोडगा मजेशीर आहे. 1983 मध्ये बंद पडायला आलेल्या एका जुन्या लाइनचा तुकडा इथल्या रेल्वेवेड्या मंडळींनी विकत घेतला आणि ‘बून अँड सीनिक व्हॅली’ नावाने सहलीच्या गाड्या सुरू केल्या. 156 फूट उंच पुलावरून गाडी रांगत जाते. आणि तिचं वाफेचं इंजिन अमेरिकन नव्हे, चिनी! दातोंगच्या कारखान्यातून 1989 मध्ये कोरं करकरीत आणलेलं. त्या काळात नवं वाफेचं इंजिन घ्यायचं तर चीनशिवाय दुसरा दुकानदार उरला नव्हता. सप्टेंबरमध्ये गावात ‘पफरबिली डेज’ नावाची जत्रा भरते तेव्हा गर्दी फार. त्यापेक्षा ऑक्टोबरात या, दरीतली झाडं रंगलेली असतात. तिकीट तेवढं आधी काढा आणि चिनी इंजिन त्या दिवशी चालणार आहे ना, ते फोन करून विचारा. पुष्कळदा डिझेलच जोडतात.